दोन सेटमधली विश्रांती
बेळगावात अनगोळकडच्या आमच्या तालमीत वस्ताद जोर-बैठकांच्या मध्ये थांबू देत नसत, आणि दम वाढवण्यासाठी ते योग्यच होते. मात्र पुढे जिममध्ये वजन उचलू लागल्यावर मी तीच सवय बारबेललाही लावली, ही माझी चूक झाली. ८० किलोच्या स्क्वॉटच्या, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकांच्या, पहिल्या सेटमध्ये सलग ८ बैठका व्हायच्या, मिनिटभराने घेतलेल्या दुसऱ्यात ६ आणि तिसऱ्यात जेमतेम ४.

याचे कारण स्नायूंच्या आत आहे. जड वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा प्रामुख्याने फॉस्फोक्रिएटिन या स्नायूंत साठवलेल्या संयुगातून मिळते. हा साठा अर्ध्या मिनिटात निम्म्याच्या आसपास भरून निघतो, पण जवळजवळ पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटे लागतात. म्हणूनच, धाप थांबली म्हणजे स्नायूही सावरले, हा समज फसवा ठरतो. २०१६ साली व्यायाम-संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरावलेल्या तरुणांवर ८ आठवडे केलेल्या अभ्यासात १ मिनिटाऐवजी ३ मिनिटे थांबणाऱ्यांची ताकद अधिक वाढली, आणि त्यांच्या मांडीचे स्नायूही अधिक भरले.

आता स्क्वॉट आणि डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलून उभे राहण्याच्या व्यायामाला) मी घड्याळ लावून ३ मिनिटे थांबतो. दंडाच्या व्यायामाला दीड मिनिट पुरते. वळवाच्या आधीच्या उकाड्यात, हातावरचा घाम पुसूनही बार निसटू लागतो तेव्हा, आणखी एक मिनिट घेतो. तिसऱ्या सेटची सातवी बैठकही आता पाय न थरथरता होते.