चार टक्के

"मोबाइल चार टक्क्यांवर आलाय आजी, शास्त्रपाठ उद्या करू."

आजी काही बोलली नाही. चष्मा पुसला, मेणबत्ती लावली आणि कपाटातून आपलं बायबल काढलं.

काल रात्री शरणपूर रोडला पावसाने लाइट गेली होती. मी एरवी वचन ॲपवर वाचतो. पाच भाषांतरं, ऑडिओ, आठवणीची घंटी, शिवाय सलग २१२ दिवसांची नोंद. खरं सांगायचं तर काळजी त्या नोंदीचीच होती.

स्तोत्र ११९. चांगलं १७६ ओव्यांचं. आजीने एकच वाचली, १०५वी, पावलांपुढच्या दिव्याची. पानावर हळदीचं बोट उमटलेलं, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात, 'ह्यांचं ऑपरेशन'. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली.

"दिवा पावलापुरताच असतो रे," ती म्हणाली. "चौकापर्यंत दिसत नाही त्यात."

पंडिता रमाबाई आठवल्या. एवढ्या संस्कृत पंडित, पण साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ला त्या गेल्या, ते पूर्ण छापून आलं १९२४मध्ये. आणि मी पाच भाषांतरांत बोट फिरवतो, थांबत कुठेच नाही.

लाइट आली तेव्हा बारा वाजून गेले होते. नोंद परत शून्यावर. (थोडं वाईट वाटलंच.)

तुमच्या घरच्या जुन्या बायबलच्या समासात काय लिहिलंय?