क्लोन पूर्ण झाला, पण संगणक सुरू होत नाही: बिघाड कोठे शोधावा?

निकामी होऊ लागलेल्या हार्ड डिस्कचा क्लोन, म्हणजे नव्या डिस्कवर उतरवलेली प्रत, पूर्ण झाल्यावरही नव्या डिस्कवरून संगणक सुरू झाला नाही, की दुरुस्तीच्या आज्ञा एकामागून एक चालवून पाहण्याचा मोह होतो. माझा त्याला ठाम विरोध आहे, कारण या अडचणीच्या मुळाशी बहुधा दोन अगदी वेगळ्या बिघाडांपैकी एक असतो. एक तर माहिती पूर्ण उतरलेली असते, पण बूट करणारी, म्हणजे संगणक सुरू करणारी, व्यवस्था ती भलत्याच जागी शोधत असते. किंवा जागा बरोबर असते, पण जुन्या डिस्कवरील खराब सेक्टर (माहिती साठवण्याचे लहान कप्पे) वाचता न आल्यामुळे तेथे पोहोचलेली माहितीच तुटकी असते. पहिल्या बिघाडावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि दुसऱ्यावरचा उपाय घाईने केला तर वाचलेल्या फायलीही हातच्या जाऊ शकतात.

यांपैकी कोणता बिघाड आहे हे ठरवण्यासाठी सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे क्लोन करताना तयार झालेली नोंद. डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरून माहिती उतरवणारे साधन वापरले असेल, तर त्याच्या मॅपफाइल नावाच्या नोंदीत कोणता भाग वाचला गेला आणि कोणता राहिला हे जागेसह लिहिलेले असते. ही स्थाने बाइटमध्ये आणि सोळाच्या अंकपद्धतीत असतात, तर पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या विभागाची, सुरुवात अनेक साधने सेक्टरमध्ये दाखवतात. म्हणून सेक्टर ५१२ बाइटचा असेल तर त्या आकड्याला ५१२ ने गुणूनच तुलना करावी. त्यापुढे विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीमवर (फायली साठवण्याच्या मांडणीवर) एनटीएफएसक्लस्टर आणि लिनक्सच्या एक्स्ट४ वर डीबगएफएस या साधनांनी न वाचलेला सेक्टर कोणत्या फायलीचा आहे हे शोधता येते. काम कंटाळवाणे आहे, पण खराब भाग रिकाम्या जागेत किंवा छायाचित्रांच्या फायलींत आहेत असे एकदा दिसले, की सिस्टीमच्या फायलींविषयीचा संशय मिटतो.

मग जागेचा प्रश्न उरतो. पहिल्या बूटच्या वेळी जुनी डिस्क संगणकाला जोडलेली नसावी. हुबेहूब क्लोनमध्ये डिस्कची ओळखही तीच असते. विंडोज अशा जोडीपैकी एक डिस्क ऑफलाइन करते, आणि ती पुन्हा ऑनलाइन केली तर तिची ओळख बदलली जाते, त्यामुळे बूटच्या नोंदी तिला शोधू शकत नाहीत. लिनक्समध्ये एकाच यूयूआयडीच्या (ओळख क्रमांकाच्या) दोन फाइल सिस्टीम असल्यास कोणती माउंट होईल, म्हणजे वापरासाठी जोडली जाईल, याची खात्री नसते. त्यानंतर फर्मवेअरची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रामची, पद्धत पाहावी: जीपीटी या नव्या प्रकारच्या पार्टिशन तक्त्याच्या डिस्कवरील विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीतच सुरू होते, जुन्या बायोस पद्धतीत नाही. केवळ सी ड्राइव्हचा क्लोन केला असेल, तर बूटच्या फायली असलेले लहानसे ईएफआय पार्टिशन मागेच राहिलेले असते. ते फॅट३२ या फाइल सिस्टीममध्ये तयार करून विंडोजच्या इन्स्टॉलेशन यूएसबीवरून बीसीडीबूट ही आज्ञा चालवली, की बूटच्या फायली आणि नोंदी नव्याने लिहिल्या जातात. लिनक्समध्ये फायली नव्या फाइल सिस्टीमवर उतरवल्या असतील, तर एफएसटॅब या माउंटच्या यादीतील यूयूआयडी बदलून ग्रब या बूट करणाऱ्या प्रोग्रामची मांडणी पुन्हा तयार करावी लागते.

एका गोष्टीची माहिती फार थोड्यांना असते. काही यूएसबी एन्क्लोजर (डिस्क यूएसबीने जोडण्याच्या पेट्या) डिस्कचे सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे असल्याचे दाखवतात, आणि जीपीटीचे शीर्षक दुसऱ्या सेक्टरमध्ये शोधले जात असल्यामुळे उत्तम उतरलेला क्लोनही त्यात रिकामा दिसतो. डिस्क थेट संगणकातील साटा केबलला जोडून पाहिल्याशिवाय क्लोन फसला असे म्हणू नये.

संगणक लोगोपर्यंत पोहोचतो आणि मग निळा पडदा येतो किंवा तो पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो, तेव्हा मी आधी मॅपफाइलकडे वळतो. फर्मवेअरच्या सेटिंगमधील साटा नियंत्रकाची (डिस्क हाताळणाऱ्या भागाची) पद्धत बदलल्यानेही असे होते, म्हणून ती जुन्यासारखीच आहे ना हे पाहून घ्यावे. फाइल तुटकी असल्याचे दिसले, तर कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी क्लोनची आणखी एक प्रत काढावी, कारण विंडोजची चेकडिस्क ही आज्ञा फाइल सिस्टीमची रचना जुळवते, फायलींतील हरवलेला मजकूर परत आणत नाही, आणि जुळवताना तुटलेल्या नोंदी काढूनही टाकते. त्यानंतर सिस्टीम फाइल चेकर हे विंडोजचे साधन ऑफलाइन, म्हणजे ते विंडोज सुरू न करता, चालवल्यास विंडोजच्या स्वतःच्या फायली पूर्ववत होऊ शकतात, मात्र रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगचा साठा, त्यात येत नाही. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून रेगबॅक फोल्डरमध्ये रजिस्ट्रीची प्रत आपोआप ठेवली जात नाही, तेथील फायली शून्य आकाराच्या असतात. त्यामुळे रजिस्ट्रीसाठी सिस्टीम रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोजने आधी जपलेली स्थिती, हाच आधार उरतो. रिस्टोर पॉइंट नसेल आणि तुटक्या फायली पुष्कळ असतील, तर विंडोज तिसऱ्या डिस्कवर नव्याने टाकून क्लोनमधून फक्त कागदपत्रे आणि छायाचित्रे उचलावीत, असे माझे मत आहे.

जुन्या डिस्कवर चेकडिस्क चालवू नये. ती आणि मॅपफाइल दोन्ही जपून ठेवाव्यात. त्याच मॅपफाइलसह डीडीरेस्क्यू पुन्हा उलट्या दिशेने चालवले, तर ते फक्त राहिलेल्या भागांवर प्रयत्न करते, आणि पहिल्या वेळी हाती न लागलेले काही सेक्टर कधी कधी वाचले जातात.