‘सापळा’ खोडला, पण

एका माहितीपटाची मराठी सबटायटल्स करून दिली, तरी एक शब्द अजून डोक्यातून जात नाही.

खटला अमेरिकेतल्या न्यूबर्गचा. २००८ मध्ये तिथल्या मशिदीत येणाऱ्यांशी एफबीआयचा पगारी खबऱ्या श्रीमंत पाकिस्तानी व्यापारी बनून ओळखी काढू लागला. मे २००९ मध्ये चौघांना अटक झाली. ब्रॉन्क्समधल्या ज्यू प्रार्थनास्थळांबाहेर बॉम्ब ठेवल्याचा आणि क्षेपणास्त्रानं लष्करी विमानं पाडण्याचा कट केल्याचा आरोप. बॉम्ब खोटे, क्षेपणास्त्र निकामी, दोन्ही सरकारनंच पुरवलेली.

छुप्या रेकॉर्डिंगचं काम जिकिरीचं. दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, त्यात दोघं एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात. एका तुकड्यावर माझा अर्धा दिवस गेला. चौघांपैकी एक, खबऱ्याला दीड महिना टाळणारा माणूस, नोकरी गेल्यावर स्वतःच फोन करतो, म्हणतो, पैसे मिळवायलाच हवेत. खबऱ्या उत्तर देतो आणि वाक्यात ‘ब्रदर’ येतं. ‘बंधू’ पुस्तकी, ‘भाऊ’ अदबीचं. शेवटी संबोधन गाळलं आणि लाडीगोडी वाक्यातच मुरवली: ‘अडीच लाख डॉलर मिळवून देतो म्हटलं ना रे. तुलाच नकोत.’ ही ओळ मला जमली.

अडलं ते ‘एन्ट्रॅपमेंट’पाशी. सरकारनंच उद्युक्त करून गुन्हा करवून घेतला, या आरोपींच्या बचावाचं हे कायद्यातलं नाव. फाइल तपासणाऱ्यानं सगळीकडे ‘सापळा’ करून टाकलं. चित्र न बघता नुसता मजकूर वाचायची ही सवय आमच्या धंद्याचं फार नुकसान करते. मराठी बातमीत पोलीस ‘सापळा रचून’ पकडतात तेव्हा पकडलेला आधीच दोषी ठरलेला असतो आणि शाबासकी पोलिसांना मिळते. इथे प्रश्न नेमका उलटा: सरकारनं उद्युक्त केलं का, आणि या माणसाची आधीपासून तयारी होती का? ज्युरीनं बचाव फेटाळला. २०११ मध्ये न्यायाधीश कॉलीन मॅकमोहन यांनी २५ वर्षांची शिक्षा दिली. कायद्यानं त्याहून कमी देता येत नव्हती. २०२३ मध्ये तिघांच्या सुटकेचा आदेश देताना त्यांनीच लिहिलं की या कटाचा खरा सूत्रधार अमेरिकी सरकार होतं. चौथ्याचा आदेश २०२४ मध्ये निघाला. हे सगळं ज्या शब्दावर उभं, त्याला ‘सापळा’ म्हणायचं?

मी ‘फूस’ लिहिलं. ‘सरकारनं फूस लावली.’ दीड सेकंदात वाचून होतं. तपासणाऱ्याचं म्हणणं, फूस लावून मुलींना पळवतात, खटल्यात हा शब्द शोभत नाही. तीन मेल झाले. मी हटले नाही, आणि फाइलमध्ये तोच शब्द गेला.

पण परवा तो तुकडा पुन्हा ऐकला. फोन त्या माणसानंच केलेला. ‘फूस’ म्हटल्यावर तो अजाण पोर होतो, आणि तसा तो नव्हता. त्याला पैशांची गरज होती, आणि ती समोरच्याला ठाऊक होती. एवढं सगळं मावेल असा शब्द मी अजून शोधते आहे. फाइल मात्र गेली.