जास्वंदीचं बी

शाळेत जास्वंद चिरली नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. अर्धं ब्लेड, वर्तमानपत्राचा तुकडा, फूल उभं कापायचं आणि वहीत आकृती: निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. अंडाशयाकडे बाण काढला की मार्क मिळाले. मीही मिळवले आणि विसरून गेले.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीला आलेली नणंदेची मुलगी तोच धडा पाठ करत बसली होती. "फलनानंतर अंडाशयाचं रूपांतर फळात होतं," असं चारदा म्हणून झाल्यावर तिनं विचारलं, "मग मामी, जास्वंदीचं फळ दाखव ना."

आमच्या सातारच्या अंगणात चाळीसेक वर्षांची तांबडी जास्वंद आहे. सासूबाईंनी माहेरून फांदी आणून लावलेली. तिच्या फांद्या पुढे निम्म्या आळीत गेल्या. पण फळ? मी पाहिलं नव्हतं, सासूबाईंनीही नाही. "जास्वंदीला कुठं फळ येतं का? फांदी खोचायची," त्या म्हणाल्या.

एक कारण तर घरातच होतं. फूल सकाळी उमलतं आणि सातच्या आत देवघरात गणपतीच्या डोक्यावर असतं. परागीभवनाला वेळच कुठे? मग ठरलं, रोज एक फूल झाडावर राहील आणि त्याच्या देठाला मी लाल दोरा बांधीन. पहिला दोरा बघून सासूबाई म्हणाल्या, "नवस बोललीस की काय?"

दुसऱ्या दिवशी फूल मिटलं, तिसऱ्या दिवशी दोऱ्यासकट खाली. जास्वंदीच्या पाकळ्या एकेक गळत नाहीत. देठाला वरच्या बाजूला बारीक सांधा असतो, तिथून अख्खं फूल निखळतं. महिनाभर मी असे दोरे मातीतून उचलले.

मग पहिल्यांदा फूल न कापता नीट बघितलं. मधून जो लांब दांडा निघतो त्याला आम्ही सरसकट पुंकेसर म्हणायचो. खरं तर ती पोकळ नळी आहे. सगळ्या पुंकेसरांचे तंतू चिकटून ती तयार झालेली असते, आणि तिच्या आतून स्त्रीकेसराचा कुक्षीवृंत वर जातो. टोकाला तो बाहेर येऊन पाच फाटे फुटतात, प्रत्येकावर मखमली लाल बोंडूक. त्या पाच कुक्षी, म्हणजे पराग झेलायच्या जागा. पिवळे परागकोष त्यांच्या खाली राहतात, त्यामुळे आपला पराग आपल्याच कुक्षीवर सहसा पडत नाही. भेंडी हिच्याच कुळातली, पण तिचे परागकोष कुक्षीला अगदी टेकलेले असतात. म्हणून भेंडी कुणाची वाट बघत नाही, न विचारता धरते. आमच्याकडचा शिंजीर जास्वंदीवर रोज येतो, पण चोच बाहेरून पाकळ्यांच्या बुडाशी खुपसतो, मध पितो आणि जातो. परागाला त्याचा स्पर्शही होत नाही. फुकट्या.

तेव्हा हे काम मीच करायचं ठरवलं. साधन म्हणजे जुना रंगकामाचा ब्रश. जास्वंदीचा पराग मोठा आणि काटेरी असतो, नुसत्या डोळ्यांना पिवळ्या रव्यासारखा दिसतो. ब्रशला तो चिकटला की सुटायचा नाही, म्हणून शेवटी ब्रश टाकून दिला. एक फूल तोडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि त्याचा दांडाच दुसऱ्याच्या पाची कुक्षींवर हलकेच टेकवायचा. कुक्षी पिवळ्या दिसल्या की झालं.

एप्रिल-मेमध्ये एकही टिकलं नाही. पावसाळ्यात तर विषयच नको, ओला पराग गोळा होऊन बसतो. त्यातच कळलं की सकाळी पाइपनं झाडावर पाणी मारायची माझी सवयही नडत होती. वहीत तारखा लिहीत होते, सप्टेंबरअखेर 29 प्रयत्न आणि 29 गळालेली फुलं.

चूक झाडाच्या निवडीतही होती. आपल्या अंगणातली जास्वंद कुठल्या एका रानटी झाडावरून सरळ आलेली नाही. किती पिढ्यांच्या संकरातून ती झालेली आहे, आणि वेगवेगळ्या वाणांत गुणसूत्रांचे संच कमीजास्त असतात. त्यामुळे कितीतरी वाणांचं बी धरतच नाही. डबल जास्वंदीत तर बऱ्याच पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. आमची तांबडी अशीच वांझ निघाली. हा शब्द मी सासूबाईंसमोर काढला नाही.

मग नर्सरीतून आणलेली, लाल डोळ्याची पिवळी एकेरी जास्वंद आई केली आणि शेजारच्या केशरीचा पराग घेतला. नोव्हेंबरात गारवा आला. सकाळी नऊच्या पुढे परागकोष फुटून पराग मोकळा झाला, की टेकवायचा. 36व्या प्रयत्नाला पाकळ्यांची गुंडाळी गळाली, पण देठ राहिला. निदलपुंजाच्या हिरव्या वाटीत डोकावलं तर आत वाटाण्याएवढं काहीतरी टणक.

त्या दिवशी मी पट्टी घेऊन एका फुलाचा कुक्षीवृंत मोजला: जवळपास आठ सेंटिमीटर. परागकण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षा थोडासाच मोठा. कुक्षीवर रुजून तो एवढी लांब नळी आतून खाली सोडतो, तिच्यातून दोन नरयुग्मकं, म्हणजे नरपेशी, अंडाशयातल्या बीजांडापर्यंत जातात. एक अंडपेशीशी मिळून गर्भ होतो, दुसऱ्यापासून त्या गर्भाची शिदोरी, भ्रूणपोष. "द्विफलन" ही दोन मार्कांची टीप मी पाठ केली होती. ती आठ सेंटिमीटर लांब असते हे माहीत नव्हतं.

एकूण तीन बोंडं धरली. एक कुंडी हलवताना गेलं, दुसऱ्यावर पिठ्या ढेकूण चढला. तिसरं मी जुन्या ओढणीच्या जाळीची पिशवी बांधून राखलं. अडीच महिन्यांनी, फेब्रुवारीत, ते तपकिरी झालं आणि पाच शिवणींवर उकललं. आत पाच कप्पे, शाळेतल्या आडव्या छेदाच्या आकृतीत असतात तसेच. बिया सात. काळपट, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, बारीक लव असलेल्या. सासूबाईंनी चष्मा लावून एकेक पाहिली. "कापसाच्या सरकीसारखी दिसते," म्हणाल्या. बरोबरच होतं, कापूसही याच कुळातला.

टरफल टणक, म्हणून नेलकटरनं कडेला जरासा टवका काढून बिया रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि कोकोपीटमध्ये पेरल्या. चार उगवल्या. एकीची मान मातीलगत कुजून मोडली, माझंच पाणी जास्त झालं. तीन वाढली. एकाच बोंडातली, पण एकाचं पान चकचकीत, दुसऱ्याचं खडबडीत, तिसरं खुजं. फांदी लावली की तेच झाड पुन्हा मिळतं, बी पेरलं की काय येईल याचा नेम नाही.

चौदा महिन्यांनी, या मे महिन्यात, खडबडीत पानवालीला पहिली कळी आली. पिवळी आई, केशरी बाप, मी शेंदरी रंगाची स्वप्नं बघत होते. फूल उमललं ते फिक्कट, धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखं गुलाबी. आकारानंही आईबापांपेक्षा लहान.

सात वाजता सासूबाई परडी घेऊन आल्या. त्या झाडापाशी थांबल्या, फूल दोन बोटांत धरून वळवून पाहिलं आणि सोडून दिलं.

"गणपतीला लाल लागतं," म्हणाल्या. "राहू दे ते. तुझा दोरा कुठंय?"