मेक्सिको सिटी: आधी बाजार, मग वारो आणि कॅरिंग्टन

मेक्सिको सिटीला निघालेले बहुतेक जण फ्रीडा काहलोच्या निळ्या घराचं तिकीट आधी काढून ठेवतात. जरूर काढा, पण एक अख्खा दिवस चित्रकार रेमेदिओस वारो (1908–1963) आणि लिओनोरा कॅरिंग्टन (1917–2011) यांच्यासाठी राखा. एक स्पॅनिश, दुसरी इंग्रज. दोघी युरोपातल्या युद्धातून जीव वाचवून इथे आल्या आणि जिवलग मैत्रिणी झाल्या. किमया (धातूचं सोनं करण्याची विद्या), टॅरोचे पत्ते, कबाला (ज्यूंची गूढविद्या), जादूटोणा यांचा दोघींचा अभ्यास दांडगा.

सुरुवात संग्रहालयाने करू नका, सोनोरा बाजाराने करा. मर्सेद मेट्रोपासून चालत जाता येतं. वाळलेल्या वनस्पतींच्या जुड्या, रंगीत मेणबत्त्या, सांता मुएर्ते या मृत्युदेवतेचे सांगाडे, ताईत, सगळं खच्चून भरलेलं. आपल्याकडे मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात, तसं इथे अंडं अंगावरून फिरवून पेलाभर पाण्यात फोडतात आणि बलकाकडे पाहून काय बाधलंय ते सांगतात. सकाळी जा, पाकीट पुढच्या खिशात ठेवा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. जिवंत प्राणी विकतात तो भाग मी टाळला. तुम्हीही टाळा.

बाजार आधी का, ते चित्रांसमोर कळतं. पॅरिसच्या अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारखी चित्रं काढणाऱ्या पुरुषांना बाई हवी होती ती प्रेरणा म्हणून, नाहीतर सुंदर वेडी म्हणून. या दोघींच्या चित्रांतली बाई कामात असते. ढवळते, गाळते, विणते. गूढविद्या इथे चुलीपाशी चालते. कॅरिंग्टन तर रंगही अंड्याच्या बलकात कालवायची. दोघींनी साबुदाणा माकुळाच्या शाईत रंगवून कॅव्हिअर (माशाची महागडी अंडी) म्हणून पाहुण्यांना वाढला, असा किस्सा सांगतात. मला तो पटतो.

मग चापुल्तेपेक उद्यानातल्या आधुनिक कला संग्रहालयात वारो पाहा. ‘पक्ष्यांची निर्मिती’ (1957) या चित्रात घुबडाच्या रूपातली बाई टेबलाशी बसली आहे. खिडकीतून येणारं ताऱ्यांचं द्रव्य अंड्याच्या आकाराच्या यंत्रातून गाळलं जाऊन तीन रंग होऊन पडतंय. तिचा कुंचला गळ्यातल्या व्हायोलिनला जोडलेला. दुसऱ्या हातातल्या त्रिकोणी भिंगातून प्रकाश पडला की कागदावरचा पक्षी उडतो. वारोचे वडील जलअभियंता होते. प्रत्येक नळी, प्रत्येक चाक खरोखर चालेल असं वाटतं. ‘मनोविश्लेषकाकडून बाहेर पडणारी स्त्री’ (1960) मात्र खट्याळ आहे. बाई वडिलांचं मुंडकं दाढीला धरून विहिरीत टाकतेय, आणि दारावरच्या पाटीत फ्रॉइड, युंग, ॲडलर या मनोविश्लेषकांची आद्याक्षरं! चित्रं लहान, तपशील बारीक, त्यामुळे चष्मा विसरू नका. चित्रं आलटून-पालटून लावतात, बाहेरच्या प्रदर्शनांनाही जातात. सध्या भिंतीवर काय आहे ते आधी विचारून घ्या.

रस्त्यापलीकडे मानववंशशास्त्र संग्रहालय. खालच्या ॲझ्टेकांच्या सूर्यशिळेपाशीच लोक दमतात, पण वरच्या मजल्यावरच्या माया लोकांच्या दालनात चढाच. कॅरिंग्टनचं ‘मायांचं जादुई जग’ (1963–64) तिथे पाहिलं. त्यासाठी ती दक्षिणेकडच्या चियापास राज्यात जाऊन तिथल्या वैदूंना भेटली होती. स्वर्ग, पृथ्वी, पाताळ एकाच पटात. मला ते वारोच्या चित्रांपेक्षा विस्कळीत वाटलं, तरी पाय निघेना.

कोलोनिया रोमामध्ये चिवावा रस्त्यावर 194 क्रमांकाचं कॅरिंग्टनचं घर मी बाहेरूनच पाहिलं. छायाचित्रकार मैत्रीण काती होर्ना त्याच वस्तीत राहायची. रेफोर्मा रस्त्यावर कॅरिंग्टनचं कांस्याचं मगर-शिल्प दिसेल. मगरीचीच होडी, आत मगरीचीच पिल्लं.

दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. रविवारी स्थानिकांना प्रवेश फुकट, म्हणून गर्दी फार. शहर 2,240 मीटर उंचीवर आहे, पहिल्या दिवशी जिने सावकाश चढा. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी नियम तपासा. हाताशी आणखी वेळ असेल तर बसने सान लुईस पोतोसी शहर गाठा. तिथल्या जुन्या तुरुंगात 2018 साली कॅरिंग्टनचं संग्रहालय उघडलं आहे. मुक्कामाच्या तयारीनेच जा, एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट नको.