जीपचं क्राउन-पिनियन बदललं तेव्हा

वडिलांची सीजे-३बी हायवेला काढायची म्हटलं की जिवावर यायचं. तीनच गेअर. टॉपला ताशी ६४ किलोमीटरचा वेग गाठेपर्यंत इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर. सातारा-पुणे अंतरात कान बधिर व्हायचे. गेअरबॉक्स उत्तम होता, गोम मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगमध्ये होती, म्हणजे इंजिनचं फिरणं चाकांना देणाऱ्या दातेरी जोडीत: छोटं पिनियन, मोठं क्राउन.

खोलण्याआधी मोजून पाहिलं. एक मागचं चाक जॅकवर घेतलं, टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे पिनियन फिरवणाऱ्या लांब दांड्यावर, खडूने रेघ मारली. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असलं की डिफरन्शियलमुळे क्राउन टायरच्या निम्मंच फिरतं, म्हणून टायर एकाऐवजी दोन फेरे फिरवला. शाफ्ट पाच फेरे पूर्ण करून वर तिसऱ्या हिश्श्याच्या जरा पुढे थांबला. म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ : पिनियन ८ दातांचं, क्राउन ४३ चं.

मिस्त्रीकाकांनी ११-४७ चा सेट सुचवला, ४.२७ चा. वर बजावलं, "पुढच्या ॲक्सलचाही सेट बदलेपर्यंत फोर-व्हील टाकायचं नाही. दोन ॲक्सल दोन वेगांनी ओढतील, काहीतरी तुटेल." पुढचा सेट मिळायला पाच महिने गेले. तोवर फोर-व्हीलचा लिव्हर मी दोरीने बांधून ठेवला.

बसवणं हे खरं कसबाचं काम. दातांना रंग लावून क्राउन फिरवायचं आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं. पहिल्यांदा तो दाताच्या कडेला आला. काकांनी पिनियन काढलं, त्यामागची शिम (जागा नेमकी करणारी पातळ चकती) बदलली, परत बसवलं. असं चारदा, तेव्हा ठसा मधोमध आला. दुसऱ्या खेपेलाच "चालेल की" म्हणणाऱ्या मला त्यांनी गप्प बसवलं ते फार बरं झालं. आज हाऊसिंगमधून घूं असा आवाजसुद्धा येत नाही.

आता २५०० ला ८० मिळतात. गेअरमधली अंतरं मात्र तीच राहिली. दुसऱ्यातून टॉप टाकताना इंजिन २००० वरून १३०० च्या आसपासच उतरतं, फक्त ती वेळ ३३ ऐवजी ४१ च्या वेगाला येते. गावातल्या गल्लीत त्यामुळे टॉप पडतच नाही.

किंमत केळघर घाटात मोजावी लागली. जिथे दुसऱ्यावर चढायचो, तिथे आता पहिला लागतो, आणि या गेअरबॉक्सच्या पहिल्याला सिंक्रो (गेअर पडताना दातांचा वेग जुळवणारी सोय) नाही. चालत्या गाडीत तो घालायचा तर डबल क्लच मारायला हवा: क्लच दाबून न्यूट्रल, सोडून थोडा रेस, परत दाबून गेअर. पाय बसायला महिना गेला. घाटातच राहणाऱ्याला हा बदल मी सुचवणार नाही.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीतून, क्राउन-पिनियनच्या आधीच येते, त्याला हा बदल कळलेलाच नाही. काटा ५० दाखवतो तेव्हा मोबाइलचं जीपीएस ६३ सांगतं. काचेवर पांढऱ्या रंगाने नव्या खुणा केल्या आहेत.