कायाहोगाच्या ओंडक्यांवरची प्रवाळ-अळंबी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडला आठवडाभर लागून राहिलेला पाऊस शनिवारी उघडला आणि आम्ही सकाळीच कायाहोगा व्हॅली नॅशनल पार्क गाठलं. प्रवेशशुल्क नाही, पण जुलैतल्या सुट्टीला लेजेस ट्रेल या पायवाटेचं पार्किंग लवकर भरतं. नऊच्या आत पोहोचा.

लेजेसचे कातळ सुंदरच आहेत. अळंबी हवी असेल तर मात्र नजर पडलेल्या ओंडक्यांवर ठेवायची. पॉप्लर, मेपल किंवा विलोचा, साल सुटलेला, शेवाळलेला, नखाने दाबला तर दबणारा ओंडका दिसला की थांबा. अशाच लाकडावर जून ते सप्टेंबर 'क्राऊन-टिप्ड कोरल' ही प्रवाळासारख्या फांद्यांची अळंबी उगवते. शास्त्रीय नाव आर्टोमायसेस पिक्सिडेटस.

आम्हाला दिसलेला झुबका चार बोटं उंच, फिकट पिवळसर, बुडाशी गुलाबी-तपकिरी होता. गुडघे टेकून भिंग लावलं. फांदीचं टोक अणकुचीदार नव्हतं. इवलीशी वाटी, तिच्या काठावर उभी टोकं, आणि त्यांतल्या काहींतून पुढची फांदी फुटलेली. एकावर एक रचलेल्या पंचारत्याच जणू! हीच ओळखीची पक्की खूण. रंगावर विसंबू नका, तो वयानुसार बदलतो.

लाकडावर रामारिया स्ट्रिक्टा ही दुसरी प्रवाळ-अळंबीही येते. तिच्या फांद्या सरळ, दाटीने उभ्या. टोकं साधी आणि दाबलं की तपकिरी पडणारी. हेरिसियम कोरॅलॉइड्स या आणखी एका अळंबीचे काटे खाली लोंबतात, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. क्राऊन-टिप्ड कोरल जमिनीतून आल्यासारखी दिसली तर बुडाजवळचा पाचोळा हलकेच सारा, खाली गाडलेलं लाकूड असू शकतं. फोटो काढताना पूर्ण झुबका, टोकांचा क्लोजअप आणि लाकडाला जोडलेलं बूड, हे तिन्ही घ्याच. नुसत्या वरून काढलेल्या फोटोवरून कुणीही खात्रीने सांगू शकणार नाही.

पूर्ण पँट आणि लांब मोजे घाला; घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे, कानांमागे गोचीड तपासा. तीन पानांच्या, अंगाला पुरळ उठवणाऱ्या पॉयझन आयव्ही या वनस्पतीला हात लावू नका. एमराल्ड ॲश बोरर या किड्याने मारलेली ॲशची झाडं इथे अजून उभी आहेत. वारा सुटला तर त्यांच्याखाली रेंगाळू नका.

ही अळंबी काहीजण खातात, कच्ची तिखट लागते. पण फोटोवरून ओळख पटवून खाणं मला अजिबात मान्य नाही. तिथेच राहू द्या आणि ओंडक्याची जागा मोबाइलवर नोंदवून ठेवा. लाकूड शिल्लक असेल तर पुढच्या पावसातही तिथे ती उगवू शकते.